९.९ अश्वशक्तीचं आउटबोर्ड, ८ महिने गोव्याच्या नद्यांत: सगळं अडतं एका रबरी चाकावर

मांडवी आणि जुवारी जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात, सुकतीच्या वेळी, आउटबोर्डच्या, म्हणजे होडीच्या मागच्या फळ्याला लावलेल्या इंजिनाच्या, मागून पडणारी पाण्याची धार पेन्सिलीएवढी होती ती सुतळीएवढी झाली आणि लगेच गरम झाल्याचा भोंगा वाजला. इंजिन तेव्हा जेमतेम ६४ तास चाललेलं. पुस्तिका सांगते, इंपेलर, म्हणजे खालच्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक, १०० तासांनी तपासा. तो आकडा स्वच्छ पाण्याचा आहे. आपल्या गाळाला तो लावू नका, ५० तासांनी उघडा.

हा पंप नदीचं पाणी वर चढवून इंजिन थंड ठेवतो. बारीक रेती आत गेली की पात्यांची टोकं झिजतात, पाणी वर चढत नाही. काम घरी होतं. आधी किल कॉर्ड (ओढली की इंजिन बंद करणारी दोरी) काढा, प्लगची वायर सोडवा. गिअरचा दांडा सोडवून खालचा भाग बोल्ट काढून सरळ खाली ओढा. पंपाचं झाकण उघडलं की इंपेलर दिसतो. शाफ्टवरची छोटी चावी पडून हरवते, खाली कापड अंथरा. नवीन बसवताना रबराला थोडं ग्रीस लावून शाफ्ट वरून बघता घड्याळाच्या दिशेने फिरवत झाकण दाबायचं, म्हणजे पाती योग्य बाजूला वळतात. जुन्याचं एखादं पातं तुटलेलं असेल तर तो तुकडा शोधल्याशिवाय खालचा भाग परत बसवू नका. तो वर जाऊन थर्मोस्टॅटपाशी अडकतो आणि नवीन इंपेलर घालूनही भोंगा वाजत राहतो.

सर्व्हिसवाल्यांनी ‘झिजणारा भाग’ म्हणून वॉरंटी नाकारली. ते मान्य. पण पूर्ण पंप बदलायचं बिल काढलं, ते अजिबात मान्य नाही. आतली स्टीलची वाटी नखाने चाचपा. नख अडकेल असा चर नसेल तर इंपेलर आणि गॅस्केट पुरे. हे भांडण करायला लागतं, करा.

पहिले दोन महिने माझं मत होतं की इंजिनच वाईट. ते आता मागे घेतो. निम्मा दोष बसवण्याचा निघाला. होडीचा मागचा फळा १७ इंची आणि इंजिन २० इंची लाँग शाफ्टचं. म्हणजे पाणी ओढणारी जाळी गरजेपेक्षा ३ इंच खाली, थेट गाळात. फळ्यावर सागाचा ठोकळा चढवून इंजिन वर घेतलं, नुसत्या क्लॅम्पवर न ठेवता आरपार बोल्ट मारले. पंख्यावरची (प्रॉपेलरच्या वरची) आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली असली की बास. त्यानंतरच्या ४६ तासांत भोंगा एकदाही नाही. विकत घेण्याआधी फळा मोजा, विक्रेता मोजत नाही.

दुसरा शत्रू म्हणजे मासेमारीच्या जाळ्याचा दोरा. कालव्यात आणि जुवारीत जाळ्यांचे खुंट उभे असतात, भरतीला ते बुडतात. पंख्यामागे नायलॉन गुंडाळला की तो सील कापतो आणि गिअरच्या तेलात पाणी शिरतं. तेल दुधासारखं दिसलं की समजा. दर २० तासांनी पंखा काढून मागे बघा. कालव्यात मगरी आहेत, तेव्हा हात-पाय पाण्यात घालून दोरा सोडवायचा नाही. इंजिन टिल्ट करून होडीतूनच कापा.

जागा. नवशिक्याला रायबंदर ते चोडण, दिवाडीला वळसा घालून नार्वे, हा पट्टा उत्तम. फेरीबोटीच्या मागून जायचं, पुढून कधीच नाही. खनिजाच्या बार्जला थांबता येत नाही, म्हणून तिचा मार्ग सोडून कडेने चला. पणजी-बेती दरम्यान गर्दी फार, तिथे मजा नाही. जुवारीवर दुर्भाट-बोरी-रासई सकाळी सुंदर; कुठ्ठाळीच्या पुलाखाली दुपारनंतर नको, पश्चिमेचा वारा ओहोटीच्या उलट आला की आखूड उभ्या लाटा होतात. तळपण नदी शांत आहे. साळ नदी बेतूलकडे उथळ, तोंडाशी वाळूचा बांध. कालवा करायचा तर भरती चढत असताना, आणि उधाणापेक्षा अष्टमीच्या भांगाला (लहान भरतीला), तेव्हा ओढ कमी असते. मुरगावच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातली वेळ घ्या, नदीत वर जाल तसा उशीर धरा.

कागद. १९१७ च्या कायद्याची जागा आता इनलँड व्हेसल्स कायदा २०२१ ने घेतली आहे. नोंदणी, सर्व्हेचं प्रमाणपत्र, विमा. आपलं दार म्हणजे पणजीतलं बंदर कप्तान खातं. होडी बांधणाऱ्याचं बिल, इंजिनाचं बिल आणि इंजिन क्रमांकाच्या पाटीचा स्पष्ट फोटो न्या. पाटी मिठाने पुसट होते, फोटो पहिल्याच दिवशी काढा. जुनी मासेमारीची होडी घेतलीत तर मच्छीमार खात्याचा कागद सहलीला चालेल असं धरू नका. चोडणच्या पक्षी अभयारण्यात, १.७८ चौरस किलोमीटरच, वनखात्याची परवानगी लागते. साळावली धरणाचं पाणी प्यायचं आहे, तिथे नदीचा कागद दाखवून उतरता येत नाही.

इंधन फार न लिहिता: इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओल शोषतं. महिन्याहून जुनं पेट्रोल टाकीत ठेवू नका, पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, १५ दिवस होडी बंद राहणार असेल तर नळी काढून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत चालवा. प्रत्येक फेरीनंतर इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात १० मिनिटं चालवा, पाणी जाळीच्या वर असेल इतकं.

पावसाळ्यात इंजिन घरी आणल्यावर इंपेलर आत ठेवला तर एका बाजूची पाती वाकून तशीच राहतात. तो काढून टाल्कम लावून डब्यात ठेवतो, उन्हापासून लांब. ऑक्टोबरला नवीन घालायचा आणि हा जुना सुटा म्हणून होडीत.