तारे असलेलं पान, तारे नसलेलं पान

चित्रपट परीक्षणाची मांडणी आणि भाषा अभ्यासायची असेल तर ‘एम्पायर’ आणि ‘साइट अँड साउंड’ शेजारी ठेवावीत. दोन्ही ब्रिटिश मासिकं.

१९८९ साली सुरू झालेल्या ‘एम्पायर’चं पान आधी डोळ्यांत भरतं. सिनेमातलं मोठं दृश्य, पाचपैकी तारे, शेवटी दोन-तीन वाक्यांत निकाल. घाईतला वाचक तेवढ्यावर तिकीट काढू शकतो. भाषाही मित्राशी बोलल्यासारखी: आटोपशीर वाक्यं, कोट्या, थेट वाचकाशी संवाद.

१९३२ पासूनचं ‘साइट अँड साउंड’ ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचं. ते परीक्षणाला तारे देत नाही, आणि मला खरा फरक इथेच दिसतो. तारे नसले की समीक्षकाला आपलं मत वाक्यावाक्यातून उभं करावं लागतं. १९९१ मध्ये याच संस्थेचं परीक्षणांचं मासिक ‘मंथली फिल्म बुलेटिन’ त्यात विलीन झालं. त्यानंतर कितीतरी वर्षं परीक्षणासोबत बारीक टायपात श्रेयनामावली आणि शेवटासकट कथासार वेगळं छापलं जाई. (सिनेमा पाहण्याआधी ते वाचलं की रसभंग ठरलेला!) पण गोष्ट बाजूला काढल्यामुळे मुख्य मजकूर मोकळा होई. मग छायाचित्रण, संकलन, दिग्दर्शकाचं आधीचं काम यांवर ऐसपैस, पोटवाक्यांनी भरलेली वाक्यं येत.

माझं मन या दुसऱ्या पानाकडे झुकतं. तरी विद्यार्थ्यांनी सुरुवात ‘एम्पायर’पासून करावी: पेन्सिल घेऊन फक्त विशेषणं अधोरेखित करावीत आणि ती ताऱ्यांशी जुळतात का ते पाहावं.