तंबाखू: एका झटक्यात सोडावी की हळूहळू?

"आजपासून बंद" म्हणणारा आणि "रोज एक कमी करतोय" म्हणणारा, दोघंही एकाच टपरीवर भेटतात. माझा कल पहिल्याकडे. ब्रिटनमध्ये ६९७ धूम्रपान करणाऱ्यांवर केलेली चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के चार आठवड्यांनी टिकून होते, दोन आठवड्यांत कमी करत आणणाऱ्यांपैकी ३९ टक्के. समुपदेशन आणि निकोटिनचे पॅच मात्र दोघांनाही मिळाले होते. नुसत्या जिद्दीचा हा हिशेब नव्हे.

एकदम सोडलं की पहिले दोन-तीन दिवस चिडचिड शिगेला पोचते, मग उतरते. हळूहळूमध्ये उरलेली प्रत्येक विडी जास्तच हवीशी होते, मन घड्याळाकडे. (आणि "उद्या एक कमी"मधला उद्या फार लांबतो.)

मळणाऱ्यांचं प्रकरण चिवट. चुना चवीपुरता नसतो. त्याने निकोटिन गालातून झपाट्याने रक्तात उतरतं. शिवाय तळहातावर फिरणारा अंगठा, ती थाप: हातालाही सवय लागलेली असते. उठल्यावर अर्ध्या तासात चिमूट लागत असेल तर व्यसन खोल आहे, डॉक्टरांना विचारूनच सोडा.

एकदम सोडायला जो तयारच नाही, त्याच्यासाठी हळूहळू बरं. फक्त शेवटची तारीख आधी भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून.