बालगृहातून बाहेर पडल्यावर ‘युवा कार्य प्रशिक्षण’ कितपत कामाला येतं?

9 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना ‘लाडका भाऊ’ नावाने घरोघरी पोचली. बारावी झालेल्याला महिना 6,000, आयटीआय किंवा पदविकाधारकाला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन. मुदत आधी 6 महिने होती, 2025 मध्ये ती 11 झाली. आईवडिलांच्या घरी राहून काम शिकणाऱ्यासाठी योजना चांगलीच आहे. इथे ती एकाच बाजूने तपासली आहे: अठरा पूर्ण झाली म्हणून बालगृह सोडावं लागलेल्या मुलामुलींना ती किती उपयोगी पडते?

पहिली अडचण बारावीच्या अटीची. दहावीवर थांबलेल्यांना इथे प्रवेश नाही, आणि शिक्षण चालू असलेल्यांनाही नाही. दहावीवाल्यांनी कारखान्यातल्या शिकाऊ उमेदवारीकडे वळावं. 2019 च्या नियमांनी तिथे दहावी उत्तीर्णाला किमान 6,000 रुपये ठरवले. केंद्राच्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत दहावी चालते, पण 2024 चा प्रायोगिक टप्पा 21 ते 24 वयासाठी होता. बालन्याय कायद्यातलं अनुरक्षण (बालगृह सोडल्यावर मिळणारा सरकारी आधार) मात्र साधारण 21 लाच संपतं, अपवादानेच 23 पर्यंत वाढतं. म्हणजे सरकारचा आधार सुटतो त्याच वाढदिवसाला ती इंटर्नशिप खुली व्हायची. मधल्या तीन वर्षांत मुलगा पडेल ते काम धरतो आणि मग ते सोडून शिकायला येणं त्याला परवडत नाही. राज्याची योजना 18 पासून घेते, हा तिचा सगळ्यात मोठा गुण.

खरी माती होते ती कागदांत. नोंदणीला आधार आणि आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं. संस्थेत काढलेल्या आधारला बहुतेकदा अधीक्षकांचा किंवा संस्थेचा मोबाइल नंबर असतो. मुलगा पुण्यात सायबर कॅफेत बसून अर्ज भरतो आणि ओटीपी जातो लातूरच्या बालगृहातल्या फोनवर! तो फोन उचलणारी व्यक्ती बदललेली असली की अर्ज तिथेच अडकतो. दुसरं, अज्ञान (अठराखालील) असताना काढलेलं खातं अठराव्या वर्षी नव्याने केवायसी आणि सही दिल्याशिवाय चालत नाही. तिसरं, दोन खाती असतील तर विद्यावेतन जातं ते आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात, अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नाही. ‘पैसे आले नाहीत’ म्हणणाऱ्याने आधी हे तपासावं. चौथं, शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि आधारवर दुसरं. आधारवर जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून बालकल्याण समितीचा वयाचा आदेश हातात असल्याशिवाय तिला हात लावू नये. यातली केवायसी अठरा होताच आणि बाकी तीन कामं सतराव्या वर्षी, संस्थेत असतानाच उरकली पाहिजेत. अठरानंतर प्रत्येक सहीसाठी एसटीचं भाडं मोजावं लागतं.

पैशाचा हिशेब रकमेपेक्षा तारखेवर बिघडतो. विद्यावेतन महिना भरल्यावर, हजेरी पुढे गेल्यावर जमा होतं; ते महिनोन्महिने रखडल्याच्या तक्रारी 2025 मध्ये उघडपणे झाल्या. कॉट बेसिसच्या खोलीचं डिपॉझिट मात्र पहिल्या दिवशी द्यावं लागतं. शिवाय महिन्यात 10 दिवस किंवा जास्त गैरहजेरी झाली तर त्या महिन्याचं विद्यावेतन मिळत नाही. कावीळ झाली की घरचा मुलगा आईच्या हातचं खाऊन पडून राहतो. बालगृहातून आलेल्याला आजारी पडायची सोय नाही आणि भाड्याला पैसेही नाहीत. तेव्हा निदान तीन महिन्यांचा खर्च आणि छप्पर हाताशी असल्याशिवाय ही योजना एकटीच्या जोरावर धरू नये.

छपरासाठी वेगळी तरतूद आहे आणि ती मागावी लागते. बालन्याय कायद्याच्या 2016 च्या आदर्श नियमांत सहा ते आठ जणांच्या गटनिवासाची सोय सांगितली आहे, प्रशिक्षणकाळातला भत्ता आणि समवयस्क समुपदेशकही. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत अनुरक्षणासाठी महिना 4,000 रुपयांची तरतूद आहे. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे द्यावा, पोच घ्यावी आणि हे पैसे विद्यावेतनासोबत मिळतील का, ते लेखी विचारावं. तोंडी ‘होईल’ला किंमत नाही.

आस्थापना (जिथे काम शिकायचं ते कार्यालय किंवा कंपनी) निवडताना आमचं मत स्पष्ट आहे: पर्याय असेल तर शासकीय कार्यालय घ्या. तिथे मंजूर पदांच्या 5 टक्के जागा असतात. खासगी आस्थापनांत मनुष्यबळाच्या 10 ते 20 टक्के, म्हणून तिथे लवकर नंबर लागतो. पण आवक-जावक नोंदवही हाताळलेल्या मुलीला कळतं की अर्ज कुठल्या टेबलावर अडतो, टिपणी कोण लिहितं आणि सही कोणाची लागते. वॉशिंग्टनमध्ये फॉस्टर केअरमध्ये (सरकारने सोपवलेल्या पर्यायी घरांत) वाढलेल्या तरुणांना 2003 पासून खासदारांच्या कार्यालयांत उन्हाळी इंटर्नशिप मिळते आणि ते स्वतः धोरणविषयक अहवाल लिहून अमेरिकी संसदेपुढे मांडतात. आपल्या योजनेत तसं काही नाही, आणि ही उणीव मोठी आहे. बालगृहांचे नियम कसे असावेत हे तिथे वाढलेल्यांना आपण विचारतच नाही. तोवर निदान लोकसेवा हक्क कायद्याचं प्रथम अपील 30 दिवसांत करायला आणि माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला प्रत्येकाने याच 11 महिन्यांत शिकून घ्यावं.

आईवडील दोघेही नसलेल्यांनी याच काळात अनाथ प्रमाणपत्राचा पाठपुरावा करावा. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यामार्फत जातो, प्रमाणपत्र विभागीय उपायुक्त देतात. 2018 पासूनचं 1 टक्का समांतर आरक्षण त्यावरच मिळतं. एक पालक हयात असलेल्यांना ते लागू नाही, मग ते बालगृहात कितीही वर्षं राहिलेले असोत.

प्रशिक्षण संपल्यावर नोकरीची हमी नाही, फक्त प्रमाणपत्र मिळतं. शेवटच्या आठवड्याआधी कार्यालयप्रमुखांकडून वेगळं अनुभवपत्र मागा आणि त्यात नेमकी कामं लिहून घ्या: किती नोंदी केल्या, कोणतं सॉफ्टवेअर हाताळलं, कोणत्या शाखेत बसलात. बदल्या झाल्या की तुमचं काम पाहिलेलं तिथे कोणी उरत नाही.