बबल एअर बेड घ्यावा का? घ्यावा, पण कूस बदलणं सुटत नाही

पक्षाघात, खुब्याचं फ्रॅक्चर, पुढच्या टप्प्यातला स्मृतिभ्रंश. माणूस अंथरुणाला खिळून घरी येतो, तेव्हा डिस्चार्जच्या कागदावर बेडसोरबद्दल, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने दाबामुळे होणाऱ्या जखमांबद्दल, बहुतेक वेळा एकच ओळ असते: ‘एअर बेड वापरा’. मेडिकलवाला खोक्यात घडी घातलेली पीव्हीसीची गादी आणि एक छोटा पंप हातात ठेवतो. हा बबल प्रकार साधारण २,००० ते ४,००० रुपयांत मिळतो. एवढ्या पैशांत तो घ्यावाच. मात्र ‘आता रात्री उठून कूस बदलायला नको’ असं सांगून कोणी विकत असेल, तर ते साफ चुकीचं आहे आणि त्यात पेशंटचं नुकसान आहे.

या गादीवर साधारण १३० फुगे असतात आणि त्यांचे दोन गट केलेले असतात. पंप एक गट फुगवतो, दुसऱ्यातली हवा कमी करतो आणि काही मिनिटांनी अदलाबदल करतो. त्यामुळे माकडहाडाखालची एकच जागा तासन्‌तास दाबली जात नाही, तिथला रक्तपुरवठा मधूनमधून मोकळा होतो. पाण्याच्या गादीत दाब पसरतो, पण असा आळीपाळीने हलत नाही. शिवाय भरल्यावर ती जड होते आणि पेशंटला वळवणं अवघड जातं. दोन्हींत निवड करायची तर एअर बेडच.

पंप दुकानातच लावून बघा. त्याला हवेची दोन तोंडं असतात. दोन्हींवर बोट ठेवलं की एकीकडे दाब जाणवतो. मॉडेलप्रमाणे पाच-दहा मिनिटांत तो दुसऱ्या तोंडाकडे जायला हवा. तेवढा वेळ थांबायचा कंटाळा करू नका, कारण या पंपातला सगळ्यात घातक बिघाड हाच: आवाज येत राहतो, दिवा लागलेला असतो, पण हवा एकाच गटात जाते. मग तेच फुगे दिवसभर ताठ राहतात आणि त्याच जागा दाबल्या जातात. घरी यासाठी पायथ्याच्या शेजारशेजारच्या दोन फुग्यांवर पेनाने खूण करून ठेवावी. दिवसातून एकदा, दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा हात लावून बघितलं की अदलाबदल होते आहे की नाही ते कळतं.

लावताना होणारी पहिली चूक म्हणजे एअर बेड थेट लोखंडी कॉटवर टाकणं. खाली नेहमीची चार इंची गादी हवीच. फुगे वर, नळ्या पायथ्याशी, दोन्ही टोकांच्या पट्ट्या खालच्या गादीखाली घट्ट खोचलेल्या. पंप पायथ्याच्या दांडीला अडकवायचा आणि नळ्या कुठे मुरगळल्या नाहीत ते बघायचं. पंपाचं बटण सुरुवातीला पूर्ण वर करून गादी अर्धा तास फुगू द्यावी, मग पेशंटला झोपवून वजनाप्रमाणे दाब कमी करावा.

किती कमी, हे हातानेच ठरतं. पेशंट उताणा असताना तळहात वर करून हात एअर बेड आणि खालची गादी यांच्यामध्ये, बरोबर माकडहाडाखाली सरकवा. हात आणि शरीर यांच्यामध्ये इंचभर हवेचा थर जाणवला, तर दाब ठीक. हाड हाताला टेकलं, तर पेशंट खालच्या गादीवरच झोपला आहे आणि एअर बेड असून नसल्यासारखा. उलट घट्ट फुगवलेली गादीही नको. तिच्यावर शरीर रुततच नाही आणि हाडांच्या उंचवट्यांवर जास्त भार येतो. डोक्याकडचा भाग वर केल्यावर हीच तपासणी पुन्हा करावी, कारण तेव्हा सगळं वजन कमरेखाली येतं.

गादीवर एकच सुती चादर, सैलसर. आपल्याकडे तिच्यावर रबरशीट, तिच्यावर दुपटं, त्यावर जाड डायपर असे थर चढतात. प्रत्येक थराने फुग्यांचा परिणाम कमी होतो आणि घाम आत कोंडतो. ओलाव्याने मऊ झालेली कातडी लवकर सोलते. लघवीचा प्रश्न असेल, तर एक पातळ अंडरपॅड घालावं आणि ओलं झालं की लगेच बदलावं.

आता मुख्य काम. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. चांगल्या गादीवर कातडी टिकते आहे असं दिसलं, तर हे अंतर डॉक्टर किंवा नर्सच्या सल्ल्याने वाढवता येतं. पूर्ण कुशीवर झोपवलं की भार खुब्याच्या हाडावर जातो, म्हणून पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंशच कलवावं. टाचांना एअर बेडचा फार आधार नसतो. पोटऱ्यांखाली लांब उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवाव्यात. जेवण किंवा नळीवाटे फीड देताना डोकं वर हवंच, त्यानंतरही अर्धा तास. पुढे मात्र ३० अंशांच्या खाली आणावं, नाहीतर शरीर पायथ्याकडे घसरतं आणि कातडी आतून ताणली जाते. पेशंटला वर सरकवताना ओढायचं नाही. कमरेखालच्या चादरीला दोघांनी धरून उचलायचं.

हे करताना माणूस पार्सलसारखा फिरवला जाऊ नये. ‘आजोबा, आता डावीकडे वळवते हं’ असं आधी सांगावं, क्षणभर थांबावं, दार किंवा पडदा लावावा, लागेल तेवढंच अंग उघडं करावं. बोलता येत नसलं तरी सांगावं. ऐकू बहुधा येतं. अचानक वळवलं की अंग ताठ होतं आणि काळजी घेणाऱ्या मावशींच्या कमरेलाही झटका बसतो. ब्युरोच्या, म्हणजे घरी काळजीवाहक पुरवणाऱ्या संस्थेच्या, मावशी बारा तासांनी बदलतात, म्हणून उशाशी वही हवी: वेळ, कुठली कूस, कातडी कशी दिसली. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. तिथे हात लावून बघायचं, आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा दुखरं लागतं का. अशी जागा चोळायची नाही, मालिशही नको आणि खाली रबरी रिंगही नको. रिंगच्या कडेचा दाब भोवतालचं रक्त अडवतो. फोड, काळा पडलेला भाग, वास, पू किंवा ताप दिसला, तर गादीवर विसंबून न राहता डॉक्टरांना दाखवावं.

उणिवा सांगायच्या तर टिकाऊपणा बेताचाच. सेफ्टी पिन, सुई, गरम पाण्याची पिशवी यांनी फुगे जातात. सोबतच्या ठिगळाने लहान भोक बुजतं, शिवणीतली गळती बुजत नाही. पुसायला साबणाचं कोमट पाणी पुरे. लाइट गेली की हवा उतरायला लागते, म्हणून पंप इन्व्हर्टरवर घ्यावा. तो वीज फारच कमी खातो. गादीच्या कडेला बसवल्यावर पेशंट घसरू शकतो, तेव्हा उठवताना एकाने समोर उभं राहावंच. मणक्याला दुखापत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा बेड लावू नका.

जखम आधीच खोल असेल किंवा वजन जास्त असेल, तर बबल पुरत नाही. आडव्या नळ्यांचा ट्यूब प्रकार घ्यावा. तो किमतीला बराच जड आहे, पण चार-पाच इंच उंच असतो आणि फाटलेली एखादी नळी सुटी बदलता येते. उंचीमुळे कॉटचे कठडे अपुरे पडतात, ते आधी मोजून घ्यावं. महिना-दोन महिन्यांचंच काम असेल, तर शहरातल्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रात चौकशी करा. अनामत ठेवून माफक भाड्यात कॉट आणि एअर बेड मिळू शकतो. वापरलेली गादी घेताना ती तिथेच फुगवून अर्धा तास ठेवायला सांगा आणि शिवणीवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघा.