पोरीच्या शाळेसाठी घेतलेली लेडीज सायकल, काळ्या मातीत वापरून झाल्यावर

आमच्याकडे गावातली शाळा सातवीपर्यंतच, पुढं साडेचार किलोमीटर अन् त्यातला अर्धा पांदण रस्ता. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात (मागास तालुक्यांसाठीची योजना) आठवी ते बारावीच्या, शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू पोरींना सायकलीसाठी ५००० रुपये खात्यावर येतात, त्यात थोडे घालून तालुक्यातून २४ इंची बिनगिअरची घेतली.

चालवायला हलकी हाय, कॅरिअर मजबूत, चेनकव्हर पूर्ण बंद असल्यानं ओढणी अडकत नाही (हे घेताना पाहाच). पण मडगार्ड चाकाला लय चिकटून, पावसाळ्यात काळी माती गच्च भरते अन् चाकच फिरत नाही, पोरी काडीनं चिखल काढत बसतात. आम्ही शेवटी मिस्त्रीकडून ते वर उचलून घेतलं. बाभळीच्या काट्यांमुळे पंक्चर तं चालूच राहते.

आता खरं सांगतो, घरात वाद अंतराचा नव्हताच. आजीचं म्हणणं, पोरगी शहाणी झाली, एकटी पांदणीनं कशी जाईल, लोकं काय म्हणतील. त्यात दिवाळीपासून कापसाची वेचाई, मजूर बाया मिळत नाहीत, मग लहान्याला सांभाळायला पोरीलाच थांबवतात, पोराला कोणी थांब म्हणत नाही. महिनाभर शाळा बुडली की पोरगी मागं पडते, घरी बसली की सोयरिकीच्या गोष्टी सुरू, लग्नाचं वय कायद्यात १८ असलं तरी. फुकट शिक्षणाचा हक्क १४ वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंतच, अन् नेमक्या तिथूनच पोरी गळतात, हे पाहून जीव तुटते.

आमच्या गल्लीतल्या चार-पाच पोरींनी सोबतच सायकली घेतल्या, सकाळी सगळ्या मिळून निघतात, तं आजीचा 'एकटी'वाला मुद्दाच राहिला नाही, आता तीच बाकीच्यांना आवाज देते. म्हणून घ्यायची तं शेजारच्या दोन-तीन घरांना तयार करूनच घ्या, दुकानदार भावही कमी करते. वेचाईचा प्रश्न मात्र सायकलीनं सुटत नाही, तिला फक्त रविवारीच वावरात न्यायचं हे बायकोनं धरून लावलं म्हणून शाळा टिकली.

५ पैकी ४ स्टार, एक मडगार्डचा काटला. पेरणीच्या आधीच घ्या, अन् पक्कं बिल मागून घ्या, शाळेत द्यावं लागते.