सामाजिक समस्येवर प्रोजेक्ट करायचाय, मग दृष्टिकोन कुठला घ्यायचा?

समस्या निवडणं तसं सोपं असतं. बेरोजगारी, व्यसन, घरातली हिंसा, बालगुन्हेगारी, काहीतरी डोक्यात असतंच. अडतं ते "दृष्टिकोन कुठला?" इथे. मग बरेच जण समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातले सगळे वाद, म्हणजे समाजाकडे बघायच्या वेगवेगळ्या चौकटी, एकेका परिच्छेदात उतरवतात आणि शेवटी "सर्वच दृष्टिकोन महत्त्वाचे आहेत" असं लिहून मोकळे होतात. प्लीज असं करू नका. दृष्टिकोन बदलला की तुम्ही कोणाशी बोलणार, कुठले कागद शोधणार, वेळ किती लागणार आणि शेवटी बोट कुणाकडे जाणार हे सगळंच बदलतं, त्यामुळे एक मुख्य दृष्टिकोन आधी पक्का करायलाच हवा. फरक नीट दिसावा म्हणून मी खाली शक्यतो बेरोजगारी हाच विषय धरलाय.

सुरुवातीला एक गोष्ट, जी सगळ्यांनाच लागू आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये मांडलं होतं की एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर ती त्याची वैयक्तिक अडचण, पण ५ कोटी कामगारांच्या देशात दीड कोटी बेकार असतील तर त्याचं उत्तर एकेकाच्या स्वभावात किंवा कौशल्यात सापडणार नाही. तुमचा प्रश्न अजून "लोक मेहनत का करत नाहीत" असा असेल तर आधी तो बदला, दृष्टिकोनाचं नंतर बघू.

प्रकार्यवाद

प्रत्येक संस्था समाजासाठी काहीतरी काम करते आणि ते काम बंद पडलं की समस्या उभी राहते, असं हा म्हणतो. समाजशास्त्रज्ञ दुर्खीम यांचा १८९७ चा आत्महत्येवरचा अभ्यास, मर्टन यांचा १९३८ चा लेख, ही यातली गाजलेली कामं. मर्टन यांचं म्हणणं असं की समाज पैशाचं आणि यशाचं ध्येय सगळ्यांसमोर ठेवतो पण तिथे पोचायचे सरळ रस्ते सगळ्यांना देत नाही, मग कुणी आडमार्ग शोधतं, कुणी ध्येयच सोडून देतं, कुणी बंड करतं.

बेरोजगारीत याचा उपयोग म्हणजे "पगार गेला की त्याच्यासोबत आणखी काय काय जातं" हा प्रश्न विचारता येतो. आणि इथे एका जुन्या अभ्यासाबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं गाव होतं, तिथला कापड कारखाना बंद पडला आणि जवळपास अख्खं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी तिथे केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी फक्त इंटरव्ह्यू घेतले नाहीत, गावातल्या रस्त्यावर माणसं कोणत्या वेगाने चालतात आणि किती वेळा थांबतात याची नोंद ठेवली. पुरुष रेंगाळत, थांबत थांबत चालत होते. वाचनालयातून नेलेल्या पुस्तकांचा आकडा दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आला होता, वेळ हातात भरपूर असूनही. म्हणजे नोकरी दिवसाला आकार देते, माणसांत मिसळायला लावते, आणि हे गेलं की मोकळा वेळसुद्धा कामाचा राहत नाही. याहोडा यांनी पुढे नोकरीच्या या न दिसणाऱ्या फायद्यांवर सविस्तर मांडणी केली.

कमजोरी? "हे असं का ठेवलं गेलंय आणि त्यात कुणाचं भलं होतं" हे तो फारसा विचारत नाही. उपाय पण मग दुरुस्तीछाप निघतात, म्हणजे ट्रेनिंग द्या, समुपदेशन करा. शिवाय घाईत वापरला तर बिघडलेलं कुटुंब, बिघडलेली वस्ती असली भाषा यायला लागते आणि ज्याला मार बसलाय त्यालाच आपण दोषी ठरवून बसतो.

संघर्षवाद

हा सरळ विचारतो, फायदा कुणाला? मार्क्स यांच्या मांडणीत बेकारांची फौज ही व्यवस्थेची चूक नाहीये, ती मालकाच्या सोयीची आहे, कारण दाराबाहेर माणसं उभी असली की आतला कामगार पगारवाढ मागताना दहादा विचार करतो. हर्बर्ट गॅन्स यांनी १९७२ मध्ये तर प्रकार्यवादाचंच हत्यार घेऊन दाखवलं की गरिबी टिकते कारण ती न-गरिबांच्या उपयोगाची आहे, घाणीचं, धोक्याचं काम स्वस्तात करायला माणसं मिळतात. प्रकार्यवाद आणि संघर्षवाद यातच तुमचं अडलं असेल तर गॅन्स यांचा हा युक्तिवाद आधी वाचा, दोन्हीतला फरक तिथे सगळ्यात स्वच्छ कळतो.

डेटा म्हणून पगाराचे आकडे, कामगार कायद्यातले बदल, कंपन्यांचे अहवाल, युनियनचे कागद लागतात. हे मिळत असेल तर बेरोजगारी, घरं, आरोग्य, शिक्षण अशा विषयांना माझं मत संघर्षवादालाच. फक्त उत्तर आधीच ठरवून डेटा शोधायला बसू नका, तो मोह इथे फार होतो.

आंतरक्रियावाद आणि लेबलिंग

माणसं एकमेकांशी कशी वागतात आणि कुणावर कुठला शिक्का (लेबल) मारतात, हे हा पाहतो. इथे बेरोजगारी जरा बाजूला ठेवू, कारण याची खरी ताकद गुन्हेगारी, व्यसन, मानसिक आजार अशा विषयांत दिसते. विल्यम चॅम्ब्लिस यांनी एकाच शाळेतल्या मुलांच्या दोन टोळ्या दोन वर्षं पाहिल्या आणि १९७३ मध्ये त्यावर लिहिलं. एका टोळीत चांगल्या घरची आठ मुलं, दुसरीत गरीब घरची सहा. शाळा बुडवणं, दारू, तोडफोड दोन्हीकडे होतं. पण पहिल्या टोळीतल्या एकालाही त्या काळात अटक झाली नाही, आणि दुसरीच्या मागे पोलीस कायम. पहिल्यांकडे गाडी होती म्हणून ते गावाबाहेर जाऊन गोंधळ घालायचे, पकडले गेले तर नम्रपणे माफी मागायचे, दुसरे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चौकात उभे असायचे आणि उलट बोलायचे. पुढे आयुष्यंही बहुतेकांची त्या त्या शिक्क्याप्रमाणेच गेली. हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्ये जे म्हटलं होतं, की विचलन, म्हणजे समाजाचे नियम मोडणारं वागणं, हे कृतीत नसून इतरांनी तिला दिलेल्या नावात आहे, ते इथे समोर घडताना दिसतं.

पण याला वेळ लागतो, खूप लागतो. माणसांसोबत राहावं लागतं, विश्वास कमवावा लागतो. सहा आठवड्यांत प्रोजेक्ट द्यायचा असेल तर जपून. आणि शिक्का कोण मारतो हे कळलं तरी मारण्याची ताकद त्याच्याकडे आली कुठून हे कळायला परत संघर्षवादाकडेच जावं लागतं.

रचनावाद

१९७७ मध्ये स्पेक्टर आणि किट्सुसे यांनी म्हटलं की समस्या म्हणजे परिस्थिती नाही, समस्या म्हणजे कुणीतरी "हे चूक आहे" असा दावा लावून धरणं. नवऱ्याची मारहाण आधीपासून होतीच, पण अनेक देशांत ती "घरातली गोष्ट" न राहता सार्वजनिक प्रश्न झाली ती १९७० च्या दशकातल्या स्त्री चळवळीमुळे. "हा प्रश्न आत्ताच का गाजतोय" असा तुमचा विषय असेल तर हाच घ्या. जुनी वर्तमानपत्रं, संसदेतल्या चर्चा, मोहिमांची पत्रकं यावर काम होतं, फील्डवर्क कमी लागतं. उपाय मात्र हा सुचवत नाही, त्यामुळे संस्थेसाठी रिपोर्ट लिहायचा असेल तर नका घेऊ.

स्त्रीवादी दृष्टिकोन

परत मारिएनथालला जाऊ. तिथल्या बायका पुरुषांपेक्षा भरभर चालत होत्या, कारण कारखाना बंद झाला तरी चूल, मुलं, कपडे बंद झाले नव्हते. आणि तरीही बऱ्याच जणींना कारखान्यातलं काम परत हवं होतं. "बेकाराकडे वेळच वेळ असतो" हे वाक्य म्हणजे पुरुषांचं वाक्य आहे हे त्याच डेटात दिसतं, फक्त बघणारा हवा.

कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये याच्या पुढचा मुद्दा मांडला. अमेरिकेत जनरल मोटर्सवर पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी खटला भरला होता, १९७६ चा निकाल. कंपनीने १९६४ आधी कृष्णवर्णीय स्त्रियांना घेतलंच नव्हतं, मग "शेवटी आलेला आधी बाहेर" या नियमाने कपात झाली तेव्हा त्या आपोआप गेल्या. कोर्टाने वंश आणि लिंग असा एकत्र भेदभाव मानायला नकार दिला. कंपनीत आधीपासून स्त्रिया होत्या, पण गोऱ्या. कृष्णवर्णीय होते, पण पुरुष. या दोन्ही गटांच्या मधल्या बायका कुठल्याच रकान्यात बसल्या नाहीत. तुमच्या सर्व्हेत फक्त "स्त्री/पुरुष" आणि वेगळा "उत्पन्न गट" असे दोन टेबल असतील तर तुमच्याकडूनही नेमकं हेच होणार.

मग निवड कशी? बेरोजगारीला माझ्या मते संघर्षवाद मुख्य आणि तपासायला स्त्रीवादी. बालगुन्हेगारी, व्यसन यांना लेबलिंग मुख्य आणि संघर्षवाद तपासायला. आत्महत्या, एकटेपणा, मोठी आकडेवारी हाताशी असेल तर दुर्खीम यांच्या वाटेने प्रकार्यवाद चालेल, इथे तो अजूनही भक्कम आहे. तीन-तीन दृष्टिकोन एकत्र घेऊ नका, परीक्षक विचारतात "मग नक्की कारण काय?" आणि तिथे गाडी अडते. मुख्य दृष्टिकोन प्रश्नावली बनवायच्या आधी ठरवा, कारण इंटरव्ह्यू झाल्यावर ठरवला तर जे विचारलंच नाही त्याचं उत्तर कुठल्याच थिअरीतून काढता येत नाही.