निळा पंप, तपकिरी पंप आणि बाबांचं मशीन: अकरा महिने वापरल्यावर

पहिले तीन महिने मी औषध फुफ्फुसांना नाही, जिभेला पाजत होते. "इनहेलरने मला काही फरक पडत नाही" असं त्या काळात मी निदान चार जणांना छातीठोकपणे सांगितलंय. त्यातल्या दोघांना दमा आहे. त्यांना नंतर फोन करून शब्द मागे घेतले, पण तेव्हा खजील व्हायला झालं ते झालंच.

दमा मला लहानपणी होता, मग वीसेक वर्षं गायब, आणि चाळिशीत पुन्हा हजर. रात्री तीन-साडेतीनला खोकल्याची ढास लागायची, उठून बसलं की छातीत मांजर गुरगुरल्यासारखी घरघर ऐकू यायची. बाबांचं दुखणं वेगळं. त्यांना सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार आहे, चाळीस वर्षांच्या सिगारेटींची कमाई. त्यामुळे घरात सध्या माझे दोन पंप (म्हणजे इनहेलर), पंपाला जोडायचं नळकांडं म्हणजे एक स्पेसर आणि औषधाचे तुषार करणारं बाबांचं मशीन, नेब्युलायझर, असा संसार आहे. हा अनुभव त्या सगळ्यांचा मिळून. डोस आणि औषधं आमच्या डॉक्टरांनी आमच्यापुरती ठरवलेली आहेत, ती कोणी उचलू नयेत.

पंप घ्यायला मी वर्षभर टाळाटाळ केली. कारण तेच, जे सगळ्यांच्या घरात बोललं जातं: एकदा पंप लागला की जन्मभर सुटत नाही. त्याऐवजी मी काय केलं, तर त्या वर्षात दोनदा दम वाढला आणि दोन्ही वेळा पाच-पाच दिवस रोज ४० मिलिग्रॅम स्टेरॉइडच्या गोळ्या गिळल्या. पंपातल्या स्टेरॉइडला मी घाबरत होते, त्याची माझी दिवसभराची मात्रा ४०० मायक्रोग्रॅम. म्हणजे अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नाही, आणि तेही थेट श्वासनलिकेत. डॉक्टरांनी कागदावर हे दोन आकडे एकाखाली एक लिहिले आणि पेन खाली ठेवलं. सुटत नाही तो दमा असतो, पंप नव्हे, हे मला तेव्हा कळलं.

आता जिभेची गोष्ट. तीन महिन्यांनी तपासणीला गेले, तक्रार केली. डॉक्टर म्हणाले, "माझ्यासमोर घेऊन दाखवा." मी झोकात पंप तोंडात धरला, दाबला, ओढला. त्यांनी समोरच्या आरशाकडे बोट दाखवलं आणि पुन्हा घ्यायला सांगितलं. या वेळी मलाच दिसलं, ओठांच्या कोपऱ्यातून पांढऱ्या धुराची एक रेघ बाहेर निघाली होती. ती रेघ म्हणजे माझं औषध. मी आधी दाबत होते आणि मग श्वास घेत होते, तोही एकदम जोरात, हिसका दिल्यासारखा. फवारा डब्यातून इतक्या वेगाने सुटतो की श्वास आधीपासून चालू नसेल तर तो घशाच्या मागच्या भिंतीवर जाऊन आपटतो आणि तिथेच बसतो. आधी पूर्ण श्वास सोडायचा, मग हळू आत घ्यायला सुरुवात करायची, त्या ओघातच दाबायचं, तीन ते पाच सेकंद ओढत राहायचं आणि मग दहापर्यंत मोजत श्वास रोखायचा. दुसरा दाब अर्ध्या-एक मिनिटाने. वाचायला सोपं वाटतं. पण दम लागलेला असताना "हळू घ्या" म्हणणं हे बुडणाऱ्याला सावकाश हात मारायला सांगण्यासारखं आहे.

म्हणूनच स्पेसर. या सगळ्या सामानात मला सर्वांत जास्त गुण द्यायचे असतील तर ते या प्लास्टिकच्या नळकांड्याला देईन, ज्यात ना मोटर, ना बॅटरी. पंप एका टोकाला खोचायचा, दाबायचा, औषधाचा ढग नळकांड्यात थांबतो. मोठे थेंब तिथल्याच भिंतीला चिकटतात, बारीक कण हवेत राहतात आणि ते आपण आपल्या श्वासाने ओढून घेतो. दाबणं आणि ओढणं यांची गाठ अचूक घालायची कसरत संपते. मात्र ढग फार काळ थांबत नाही, दाबल्या दाबल्या श्वास घ्यायला हवा. आणि एका वेळी एकच दाब. मी सुरुवातीला वेळ वाचवायला दोन दाब एकदम भरायचे. तसं केलं की कण एकमेकांवर आपटून मोठे होतात आणि भिंतीवर बसतात. माझ्या स्पेसरला एक छोटी शिट्टी आहे, श्वास फार जोरात ओढला की वाजते. पहिल्या आठवड्यात ती इतकी वाजली की बाबा आतून विचारायचे, "कुकर बंद करू का?"

धुण्याबाबत एक चूक सगळेच करत असतील असं वाटतं. मी स्पेसर धुऊन स्वच्छ फडक्याने आतून खसखसून पुसायचे. पुसल्याने प्लास्टिकमध्ये स्थिर वीज तयार होते, तीच जी कंगव्याला कागदाचे कपटे चिकटवते, आणि औषधाचे कण भिंतीला चिकटतात. योग्य रीत म्हणजे भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढायचा, आतून न पुसता उभा ठेवून वाळू द्यायचा. घरातल्या सगळ्या आळशी लोकांना आवडेल अशी ही एकमेव स्वच्छता.

तपकिरी पंप हा रोजचा, स्टेरॉइडचा, श्वासनलिकेतली सूज कमी ठेवणारा. निळा लागेल तेव्हाचा, त्यात साल्ब्युटॅमॉल. निळ्याचा परिणाम पाच मिनिटांत कळतो, चार-सहा तास टिकतो, म्हणून तो लाडका होतो. तपकिरी घेतल्यावर काहीच होत नाही. निदान त्या दिवशी तरी नाही. त्याचा फरक मला नीट घ्यायला लागल्यावर दोनेक आठवड्यांनी जाणवला, आणि तोही असा की एक दिवस सकाळी उठले आणि लक्षात आलं, रात्री उठलेच नव्हते. त्यामुळेच लोक तपकिरी सोडतात आणि निळ्यावर दिवस काढतात. मीही तेच केलं होतं. 'जिना' ही दम्याबाबत जगभर मार्गदर्शन करणारी संस्था. तिने २०१९ पासून नुसत्या निळ्यावर दमा सांभाळू नये असंच सांगायला सुरुवात केली. निळा श्वासनलिकेभोवतीचे स्नायू सैल करतो, आतली सूज तशीच राहते. वर्षाला तीन किंवा त्याहून जास्त निळे डबे संपत असतील तर मोठा झटका येण्याचा धोका वाढलेला असतो. पहिल्या तीन महिन्यांतच माझे दोन संपले होते.

निळ्याचे चटके: चार दाब घेतले की माझे हात थरथरतात, सुईत दोरा ओवता येत नाही, आणि छातीत धडधडतं. थोड्या वेळाने ओसरतं. तपकिरीने आवाज बसला आणि एकदा जिभेवर पांढरे चट्टे आले, ती बुरशी. औषध घेतल्यावर खळखळून चूळ भरून थुंकायची, गिळायची नाही, हे मला माहीत होतं, पण रात्रीच्या डोसाला कंटाळा करायचे. चट्टे आल्यापासून दोन्ही वेळचे डोस दात घासण्याच्या आधी घेते. चूळ आपोआप भरली जाते.

सर्वांत मोठी तक्रार डब्याबद्दल. माझ्या तपकिरी पंपावर आकडा दाखवणारी खिडकी नाही. त्यात २०० दाब असतात. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, म्हणजे ५० दिवस. पण २०० नंतरही डबा दाबला की फुस्स होतं, कारण औषध संपलं तरी ढकलणारा वायू शिल्लक असतो. हलवला की आत काहीतरी डुचमळतंय असंही वाटतं. सहाव्या महिन्यात पुन्हा खोकला सुरू झाला. हवेला दोष दिला, धुळीला दिला, पलंगाखाली झाडून काढलं. शेवटी तारखा मोजल्या तर तो डबा ६३ व्या दिवशीही चालू होता. तेरा दिवस मी मोठ्या निष्ठेने नुसता वायू ओढत होते. पाण्यात टाकून बघायचा एक जुना उपाय बरेच जण सांगतात, तरंगला तर रिकामा. तो विश्वासाचा नाही. आता नवा डबा उघडला की त्यावर पट्टी चिकटवून संपायची तारीख लिहिते. पंप १९५६ मध्ये बाजारात आला, इतक्या वर्षांत प्रत्येक डब्यावर एक साधा आकडा यायला काय हरकत होती?

मध्ये एक महिना कॅप्सूलवाला पावडर इनहेलरही वापरून पाहिला. खिशात मावतो, वायू नाही, दाबायची भानगड नाही. फक्त इथे श्वासाचं गणित बरोबर उलटं: हळू नाही, जोरात आणि खोल ओढायचा, कारण पावडर उधळायचं काम आपल्या श्वासालाच करायचं असतं. बऱ्या दिवशी छान. दम लागलेल्या दिवशी माझ्याच्याने तेवढा जोर लागेना. शिवाय त्यात चुकून श्वास सोडला तर ओलाव्याने पावडरचे गोळे होतात. परत केला नाही, ड्रॉवरमध्ये आहे.

आता बाबांचं मशीन. बाबांचा त्यावर भारी विश्वास, कारण ते आवाज करतं. खरंच. मोटर घरघरते, नळी थरथरते, वाफ दिसते, म्हणजे औषध "लागतं". पंपाबद्दल ते म्हणायचे, "एवढ्याशा फुस्सने काय होणार?" वास्तविक ती वाफ नसतेच, गरम तर मुळीच नाही. मोटर हवा दाबून सोडते, ती हवा औषधाचे बारीक तुषार करते. एक ते पाच मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण खोल जातात, त्याहून मोठे घशातच राहतात. साध्या-मध्यम झटक्यात पंप आणि स्पेसरने थोड्या-थोड्या वेळाने काही दाब घेतले तर नेब्युलायझरइतकाच उपयोग होतो, असं डॉक्टरांनी बाबांना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा बाबांनी मान डोलावली आणि घरी येऊन मशीन लावलं.

पण त्यांचं पूर्ण चूक आहे असंही मला वाटत नाही. त्यांच्या बोटांत आता डबा दाबायचा जोर नाही, श्वास रोखणं जमत नाही, आणि जास्त दम लागला की ते गोंधळतात. मशीनला फक्त बसून श्वास घेत राहावं लागतं. अशा माणसाला ते हवंच.

सुरुवातीला मास्क वापरत होतो. दोन-तीन आठवड्यांनी बाबा म्हणाले, नेब्युलायझर झालं की एका डोळ्याने धूसर दिसतं. घाबरलो. निघालं असं की त्यांच्या औषधातलं इप्राट्रोपियम, म्हणजे श्वासनळ्या रुंद करणारं औषध, मास्कच्या फटीतून डोळ्यात जात होतं आणि बाहुली मोठी होत होती. काचबिंदूचा त्रास असलेल्यांना तर हे महागात पडू शकतं. मास्क काढून तोंडात धरायची नळी लावली, तक्रार गेली.

दुसरी गोष्ट वेळेची. नवीन असताना एक डोस आठ-दहा मिनिटांत संपायचा. चौथ्या महिन्यात पंचवीस मिनिटं लागायला लागली आणि बाबा मधेच कंटाळून उठायचे. मला वाटलं मोटर गेली. मोटर ठणठणीत होती. औषधाच्या कपातलं बारीक छिद्र औषधाच्या थराने बुजत आलं होतं, आणि मागचा गोल फिल्टर, जो पांढरा असतो असं मला आठवत होतं, तो राखाडी झाला होता. दोन्ही बदलले, पुन्हा नऊ मिनिटं. आता प्रत्येक वेळी कप सुटा करून धुते, झटकते, जाळीवर वाळवते. ओला कप तसाच जोडून ठेवला तर त्यात जंतू वाढतात आणि पुढच्या वेळी तेच तुषार बनून छातीत जातात. नळाचं पाणी कपात कधीच नाही. औषध पातळ करायचं तर फक्त ०.९ टक्क्यांचं सलाइन. शेवटी कप फुरफुरायला लागला की बोटाने टिचक्या मारायच्या, भिंतीवरचे थेंब खाली येतात. तळाशी थोडं औषध राहतंच, ते बघून बाबा हळहळतात.

प्रवासासाठी बॅटरीवरचं जाळीवालं छोटं नेब्युलायझरही घेतलं. आवाज जवळजवळ नाही, औषध कमी वाया जातं. पण जाळी नाजूक, एकदा बुजली की तुषार मलूल होतात, आणि बाबांना ते पटतच नाही, कारण ते गप्प असतं.

एक शेवटचं यंत्र, ज्यात औषधच नाही: श्वास किती वेगाने बाहेर पडतो ते मोजणारं पीक फ्लो मीटर. जोरात फुंकायचं, तीनदा, सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा. चुकीच्या पद्धतीने पंप घेत होते तेव्हा माझा ३४० च्या आसपास असायचा. आरशाच्या प्रकरणानंतर दीड महिन्यात ४२० झाला. वायू ओढण्याच्या त्या तेरा दिवसांत ३१० पर्यंत घसरला, म्हणजे माझ्या चांगल्या आकड्याच्या, ४२० च्या, ८० टक्क्यांखाली, सावध करणाऱ्या पिवळ्या पट्ट्यात. ५० टक्क्यांखाली, म्हणजे माझ्यासाठी २१० च्या खाली, लाल पट्टा: निळा पंप घेत घेत सरळ दवाखाना गाठायचा, वाट बघायची नाही. बोलताना वाक्य पुरं करता येत नसेल तर आकडा फुंकत बसायचीही गरज नाही.

वही मी मागच्या आठवड्यात चाळली. घसरण खोकल्याच्या चार दिवस आधीच सुरू झालेली दिसते, रोज दहा-पंधराने. तेव्हा मी आकडे लिहीत होते, बघत नव्हते. आता बाबा बघतात. सकाळी मशीन लावून बसले की नळी तोंडात धरूनच हात पुढे करतात, वही मागायला.